हलेल तो दिसणार नाही

वहिनींचं डोकं सकाळपासूनच उठलं होतं. कारण नेहमीचं. त्यांचा धाकटा दीर पुन्हा कॅमेरा घेऊन येणार होता.

वहिनी सरकारी वसाहतीतल्या सगळ्यात जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर नवरा आणि मुलांसोबत राहायच्या आणि शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायचं काम करायच्या. सख्खा दीर एकच, पण त्याच्या हाका ऐकून ऐकून सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणायला लागली होती. दुसऱ्या मजल्यावरचा न्हावी त्यांच्या वडिलांच्या वयाचा, तोही वहिनीच म्हणायचा. दीर फोटोग्राफर होता. लग्नांचे आणि वाढदिवसांचे फोटो काढून पोट भरत होता तोवर वहिनींना त्याचं काही वाटत नव्हतं. पण मध्येच त्याच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, त्याने रंगीत फोटो काढायचं बंद केलं, दाढी वाढवली, आणि कुठूनतरी एक भलामोठा जुना लाकडी कॅमेरा पैदा केला. त्या कॅमेऱ्याला तिवई लागायची, वरून घ्यायला काळं कापड लागायचं, आणि उचलायला मोठा भाऊ लागायचा.

"रंग माणसाला फसवतात, वहिनी," तो म्हणाला होता. "खरं काय ते काळ्यापांढऱ्यात."

"फसवू देत की," वहिनी म्हणाल्या होत्या. "लोक हौसेने फसवून घेतात. तुमचं काय जातंय?"

तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं की हा माणूस आता आपल्याला ताप देणार. आणि झालंही तसंच. सगळं जग सोडून भावजींना फोटो काढायचे होते ते वसाहतीतल्या गर्दीचे. माणसं कशी एकमेकांच्या अंगावर राहतात, एका नळावर किती बादल्या लागतात, ते म्हणे जगाला कळलं पाहिजे. जगाला कळून बादल्या कमी होणार होत्या का, हे त्यांनी सांगितलं नाही.

गर्दी होती, यात वाद नाही. चौथ्या मजल्याचा पॅसेज म्हणजे एक लांबच लांब अंधारा बोळ. दोन्ही बाजूंना दारं, एका टोकाला एकुलती एक खिडकी. दारांबाहेर चपलांचे ढीग, सायकली, गॅसच्या टाक्या, कुणाची शिलाई मशीन, कुणाची मोडकी खाट. वर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर ओले कपडे. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाने आडवं व्हायचं, असा इथला रिवाज. पण गर्दीचा फोटो काढायचा तर ती गर्दी जागेवर राहायला हवी, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

कारण या इमारतीला लपायची सवय होती. वसाहतीच्या ऑफिसातून एक साहेब न सांगता न विचारता यायचे आणि घरोघरी डोकी मोजायचे. लोक त्यांना मोजणीसाहेब म्हणायचे. ज्या घरात जितक्या माणसांची नोंद, तितकीच माणसं त्या घरात दिसली पाहिजेत. जास्त दिसली की नोटीस, आणि ती माणसं हलवली नाहीत तर घर जाणार. आता नोंदीपेक्षा जास्त माणूस नाही असं एक तरी घर या इमारतीत असेल का? कुणाचा भाचा, कुणाची टाकलेली बहीण, कुणाचा सासरा. म्हणून साहेब फाटकात दिसले की तळमजल्यावरचा सायकल दुरुस्तीवाला पाना घेऊन पाण्याच्या पाइपवर ठोके द्यायचा. तो आवाज पाइपातून थेट वरच्या मजल्यापर्यंत जायचा. मग ज्यांचे पाय धड होते ते मागच्या जिन्याने खाली उतरायचे आणि बसची वाट बघत असल्यासारखे रस्त्यावर उभे राहायचे. जास्तीच्या गाद्या गुंडाळल्या जायच्या. दोरीवरचे कपडे आत यायचे, कारण कपड्यांवरूनही माणसं मोजता येतात. जास्तीचे दात घासायचे ब्रश पिठाच्या डब्यात जायचे. हे सगळं इतक्या झटपट व्हायचं की साहेब धापा टाकत वर येईपर्यंत पॅसेजमध्ये चिटपाखरूही नसायचं.

राहिली म्हातारी माणसं. त्यांना जिने उतरता येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा नियम होता. मांडीवर पिशवी घ्यायची, दाराबाहेर स्टुलावर बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. साहेबांनी विचारलं की घरच्यांनी सांगायचं, पाहुण्या आहेत, आजच आल्यात.

वहिनींच्या घरी हा नियम पाळायच्या त्या वहिनींच्या आई. इमारतीच्या आजी. त्या आधी मुलाकडे होत्या, दुसऱ्या गावात. तिथे त्यांना दुपारच्या वेळी घराबाहेर काढून सून दाराला कुलूप लावून जायची, आणि मुलगा ते माहीत असून पेपर वाचायचा. एक दिवस आजी पिशवी घेऊन लेकीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मला तिकडे पुन्हा धाडू नकोस," एवढंच म्हणाल्या. वहिनींनी शब्द दिला. जावयाने चकार शब्द काढला नाही, उलट स्वतःची खाट दिली आणि खाली झोपायला लागला. तेव्हापासून आजी तिथेच होत्या, आणि कागदोपत्री कुठेच नव्हत्या. साहेबांच्या डोळ्यांत त्या एकदा खुपल्या की संपलं. मग आजींनी पुन्हा त्या कुलुपाबाहेर जाऊन बसायचं. वहिनींना दुसरं कशाचं भय नव्हतं, एवढ्या एकाच गोष्टीचं होतं.

आणि अशा इमारतीत भावजी पहिल्यांदा खांद्यावर तिवई, पाठीला पेटी आणि हातात काळं कापड घेऊन शिरले. सायकलवाल्याला वाटलं, ऑफिसने आता मोजायचं यंत्र पाठवलं. त्याने पाइप असा बडवला की सहाव्या मजल्यावर कुणाच्या तरी हातातलं दूध सांडलं. भावजी वर पोचले तर पॅसेज रिकामा. बादली नाही, चप्पल नाही, दोरीवर साधा रुमाल नाही. त्यांनी तासभर वाट पाहिली. एक मांजर आली आणि गेली.

दुसऱ्या खेपेला, म्हणजे वहिनींचं डोकं उठलं होतं त्या दिवशीही, तेच. या वेळी तर सायकलवाल्याने त्यांना ओळखलं होतं, तरी ठोके दिले. "वहिनींचा दीर आहे हे कळलं होतं मला," तो नंतर म्हणाला, "पण पेटीत काय आहे ते कुठे कळलं होतं?"

भावजी वहिनींच्या घरात येऊन खाटेवर धपकन बसले. "एवढी माणसं कोंबलेली इमारत, आणि माझ्या फोटोत एक कुत्रं नाही! मी काय वाईट करतोय का कुणाचं? तुमच्यासाठीच करतोय ना?"

"आमच्यासाठी करायचं तर नळ दुरुस्त करा," वहिनी म्हणाल्या. "तो कोपऱ्यातला गळतोय."

"वहिनी, तुम्हाला गांभीर्यच नाही. ऑफिसच्या नव्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे. मोठ्या मॅडम येणार आहेत. त्यांना ही गर्दी दिसली की..."

"की त्या मोजतील!" वहिनींनी हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं. "भावजी, तुम्ही याच घरात वाढलात ना? पाइप वाजला की तुमचे मामा कुठे पळायचे ते विसरलात? गर्दीचा फोटो काढून तो मोजणाऱ्यांच्याच भिंतीवर लावणार? तुम्हाला देवाने डोळा दिला, त्याच्यामागे काही दिलंच नाही का?"

वहिनींचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि भांडणात सहसा दोन मजल्यांच्या मध्ये थांबायचा. तो म्हणाला, "अगं, आपलाच आहे तो. काहीतरी मार्ग काढू."

मार्ग भावजींनीच काढला. त्यांनी समजावून सांगितलं की पॅसेजमध्ये अंधार आहे, फिल्म जुन्या पद्धतीची आहे, त्यामुळे कॅमेऱ्याचं झाकण उघडून बराच वेळ तसंच ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात जो स्थिर राहील तो स्पष्ट उमटतो. जो हलेल त्याचा नुसता धूर दिसतो. "चेहरे कळणारच नाहीत, वहिनी. मला तोच धूर हवाय. माणसांचा धूर! भिंती स्थिर आणि गर्दी वाहतेय. मोजू देत की त्यांना धूर."

वहिनींना यातलं काव्य कळलं नाही, पण नियम कळला. हलेल तो दिसणार नाही. नियम कळला की त्या पाळू शकायच्या. त्यांनी एक अट घातली. आई फोटोत येता कामा नये, धूर म्हणूनसुद्धा नाही. भावजींनी आपल्या कॅमेऱ्याची शपथ घेतली. वहिनींनी त्यांना मुलांची घ्यायला लावली असती, पण त्यांचं लग्नच झालेलं नव्हतं.

मग वहिनी सुट्टीच्या दिवशी दारोदार हिंडल्या. प्रत्येक दारात तेच पुराण. नाही हो, ऑफिसचा माणूस नाही, माझा दीर आहे. नाही, पावडर लावायची गरज नाही. नाही, कपडे बदलू नका. हो, भाच्यालाही बाहेर येऊ दे. फक्त एक करा, हलत राहा. थांबलात की फसलात. शेजारची शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "हलायचं म्हणजे किती?" वहिनींचा घसा बसला होता. "मेलात तरी हलत राहा," त्या म्हणाल्या.

आईला मात्र त्यांनी आत बसवलं. "बाहेर येऊ नकोस. काही झालं तरी नाही. बोलावीन तेव्हाच ये." कशासाठी, ते सांगायला वेळ नव्हता. तेवढ्यात भावजींची तिवई पॅसेजच्या टोकाला लागली होती आणि ते काळ्या कापडाखालून "अजून माणसं, अजून माणसं!" असे ओरडत होते.

माणसं आली. अशी आली की विचारू नका. चौथ्या मजल्याची आली, पाचव्याची आली, दुसऱ्या मजल्यावरचा न्हावी आपलं गिऱ्हाईक अर्धं सोडून आला. भावजींनी झाकण काढलं आणि हात वर केला. आणि सगळी इमारत चालायला लागली. कुणी रिकामी बादली घेऊन गेलं आणि तीच परत घेऊन आलं. बायका कपडे वाळत घालत होत्या, काढत होत्या, पुन्हा घालत होत्या. नेहमी आडवं होऊन जाणारी माणसं आता धावत होती, कारण जो थांबेल तो दिसेल अशी धास्ती प्रत्येकाच्या पोटात होती. न्हावी तर एका जागी उड्या मारत होता. वहिनी आपल्या दाराकडे पाठ करून, मधोमध मागेपुढे होत दोन्ही हातांनी वारा घातल्यासारखं करत होत्या. "हला! हला की! ए, बसलास काय!" त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला, तरी त्या थांबल्या नाहीत.

भावजींनी झाकण लावलं तेव्हा सगळे घामाघूम होऊन भिंतींना टेकले आणि उगाचच हसायला लागले. एवढी हलकी हवा त्या पॅसेजमध्ये क्वचितच खेळली असेल. वहिनी घरात शिरल्या तर आई खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. "गेले का?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "गेले," आणि पाणी प्यायला गेल्या. पिशवीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

नंतर भावजी गायब झाले. फोटो कसा आला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "बोलण्यात मजा नाही. बघाच." एकदा वहिनींच्या नवऱ्याला म्हणाले, "मला धूर हवा होता, दादा, पण जे मिळालंय त्याच्यापुढे धूर काहीच नाही." वहिनींनी हात जोडले. त्यांना वाटलं, सुटलो.

प्रदर्शनाचं बोलावणं सगळ्या इमारतीला होतं. आजी म्हणाल्या, मलाही बघायचंय. वहिनींनी नाही म्हणून पाहिलं, मग विचार केला की ऑफिसच्या हॉलमध्ये आलेला प्रत्येक माणूस पाहुणाच असतो, तिथे कोण कुणाला कुठे राहता म्हणून विचारणार आहे? आईला धरून त्या हॉलमध्ये शिरल्या. नवऱ्याची ड्यूटी होती.

भिंतीवर ओळीने काळेपांढरे फोटो. खिडक्या, जिने, पाण्याच्या टाक्या. आणि समोरच्या भिंतीवर, दारापेक्षा मोठा, त्यांचा पॅसेज.

पॅसेज रिकामा होता.

दोऱ्या होत्या, दारं होती, सायकली होत्या. पण त्या दिवशी जी शेकडो पावलं धावली होती ती कुठेच नव्हती. माणसं इतकी जीव तोडून हलली होती की धूरसुद्धा शिल्लक राहिला नव्हता, फक्त फरशीवर कुठे कुठे दहिवर साचल्यासारखं पांढुरकं दिसत होतं. आणि त्या सगळ्या निर्मनुष्य बोळाच्या मधोमध, घराचा नंबर स्वच्छ वाचता येईल अशा दाराशेजारी, एका स्टुलावर आजी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी. पिशवीवर दोन्ही हात. चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा दिसत होता, कपाळावरची एकूण एक सुरकुती दिसत होती. सगळ्या इमारतीत हललं नव्हतं असं एकच माणूस होतं.

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना क्षणात सगळं समजलं. आत बसलेल्या आईला फोटोचं काही ठाऊकच नव्हतं. तिला ऐकू आली ती नुसती आरडाओरड आणि धावणारी पावलं. पावलं धावायला लागली की तिने काय करायचं, हे वहिनींनीच तिला शिकवलं होतं, आणि त्या दिवशीच्या सूचनेपेक्षा तो नियम जुना होता. तिने ते तंतोतंत केलं होतं. पिशवी घेतली, स्टूल घेतलं, बाहेर बसली, आणि श्वाससुद्धा बेताने घेतला. पावलं थांबली तशी उठून आत गेली.

"भावजी!" वहिनींनी दिराला दंडाला धरून खांबाआड ओढलं. "काय कबूल केलं होतंत?"

"मी कुठे घेतलं त्यांना? त्या स्वतःच आल्या! मला कापडाखाली सगळं उलटं दिसतं, वहिनी, त्या गर्दीत मला कुठे कळणार? धुऊन बघितलं तेव्हा... अहो, पण बघा ना काय झालंय ते! असा फोटो आयुष्यात एकदा मिळतो."

"आणि आई? ती किती वेळा मिळते?"

भावजींच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं, आणि वहिनींना चीड येत होती ती याचीच. वाईट असतं तर निदान चार शिव्या देता आल्या असत्या.

एवढ्यात मोठ्या मॅडम आल्या, बरोबर दहापंधरा माणसं, आणि त्यांच्या मागे मोजणीसाहेब. साहेबांनी फोटो पाहिला, मग शेजारी उभ्या असलेल्या आजींना पाहिलं, आणि त्यांनी एकदम छताकडे बघायला सुरुवात केली.

मॅडम फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "बाप रे," त्या हळूच म्हणाल्या. "कोण ह्या?"

"पाहुण्या असतील," साहेब घाईने म्हणाले. "त्या इमारतीत पाहुणे फार येतात." आणि त्यांनी वहिनींकडे असं पाहिलं की दगडालाही कळलं असतं, आता हो म्हण.

वहिनी म्हणणारच होत्या. ओठांवर आलंच होतं. पण मॅडम पुढे बोलल्या, फोटोवरची नजर न काढता, अगदी कळवळून बोलल्या: "किती एकटी आहे हो ही म्हातारी. हिचं कुणीच नसेल का?"

"कुणी नाही कसं?" वहिनींचा आवाज सगळ्या हॉलमध्ये गेला. "मी आहे ना! माझी आई आहे ती. रोज तिचे केस मी विंचरते. माझा नवरा जमिनीवर झोपतो तिच्यासाठी. माझी पोरं तिच्याशिवाय जेवत नाहीत. एकटी म्हणे! त्या पॅसेजमध्ये एकटं राहून दाखवा कुणीतरी! आमच्याकडे राहते ती."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"राहते?" मॅडमनी वळून विचारलं, वहिनींना नाही, साहेबांना. "नोंद आहे का?"

"बघून सांगतो, मॅडम."

"आजच सांगा," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या फोटोकडे गेल्या. बरोबरची माणसं त्यांच्यामागे गेली, आणि भावजीही गेले, कारण पुढचा फोटोसुद्धा त्यांचाच होता.

साहेब वहिनींवर तुटून पडले, पण दबक्या आवाजात. "वहिनी, काय गरज होती? सांगा ना, काय गरज होती? मला काय आंधळा समजता? इतक्या वेळा मी तुमच्याकडे आलो, दर वेळी पाहुण्या, दर वेळी आजच आल्यात! आजच आलेल्या पाहुणीला साखरेचा डबा कुठे असतो ते माहीत असतं का? एकदा तुम्ही कामावर होतात तेव्हा चहा त्यांनीच करून दिलाय मला! मी पाहुणी लिहायचो ते तुम्ही पाहुणी म्हणायचात म्हणून. आता चारचौघांत, मॅडमच्या तोंडावर, राहते म्हणालात. मी काय करू? डोकं फोडू का या खांबावर?"

वहिनींचा राग ओसरला होता आणि मागे नुसती भीती उरली होती. "साहेब, चुकलं. तोंडातून निघून गेलं. काहीतरी करा. तिला तिकडे नका पाठवू."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. खिशातून पेन काढलं. "ऐका. मी लिहितो की बाई बोलण्याच्या भरात बोलल्या. आई पाहुण्या आहेत, लवकरच परत जाणार आहेत. मॅडमना उद्या दुसरी कामं येतील. यापुढे मात्र यांना कधी पॅसेजमध्ये बसवू नका. स्टूल नाही, पिशवी नाही. मी आलो की सरळ मोरीत बसवा आणि दार लावून घ्या. कळलं?"

"हो, हो, साहेब. लिहा. पाहुणी लिहा."

"पाहुणी लिहू नका," आजी म्हणाल्या.

दोघांनीही वळून पाहिलं. आजी इतका वेळ फोटोच बघत होत्या. त्यांचा आवाज घरातल्यासारखा होता, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसा.

"आई, तू गप्प बस. तुला कळत नाहीये."

"कळतंय."

"काय कळतंय? एकदा का राहते म्हणून लिहिलं की नोटीस येईल. तुला दादाकडे जावं लागेल. त्या कुलुपाबाहेर! मी शब्द दिलाय तुला, आणि तू..." एकीकडून दिराने वहिनींना कोंडीत धरलं होतं, एकीकडून साहेबांनी, आणि आता आईनेच. माणसाने जायचं तरी कुठे?

"दिलास, आणि पाळलासही," आजी म्हणाल्या. "जावं लागलं तर जाईन. पण जायला आधी आलेलं असावं लागतं, पोरी. मी कुठे आलेय अजून? इतकी वर्षं तुझ्याकडे राहतेय, आणि रोज आजच आलेय."

वहिनींनी तोंडावर हात धरला.

"आणि मोरीत नाही बसणार मी," आजी साहेबांना म्हणाल्या. "तुम्हाला जे लिहायचं ते लिहा, पण मी होते असं लिहा."

साहेबांनी एक मोठा, वैतागलेला उसासा टाकला, आणि खिशातला कागद फोटोच्या बाजूच्या भिंतीवर टेकवला. "नाव?"

आजींनी नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. इमारतीतल्या एकाही माणसाने त्यांना कधी नाव विचारलं नव्हतं, त्यामुळे ते ऐकताना शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनेही मान वर करून पाहिलं.

"कधीपासून राहता?" साहेबांनी विचारलं.

आजींनी लेकीकडे पाहिलं. त्यांना नीटसं आठवत नसावं, किंवा ते त्यांना स्वतः सांगायचं नसावं.

वहिनींनी डोळे पुसले, रागारागानेच पुसले.

"माझी धाकटी रांगत होती तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "लिहा."